धाकटीच्या डोळ्यांखालचा कन्सीलर : पाच आठवड्यांच्या नोंदी

३ नोव्हेंबर, रविवार (भाऊबीज)

धाकटीचं लग्न ८ डिसेंबरला, सांगलीतच. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा. ती मिरजेला एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे आणि महिन्यातले दहा-बारा दिवस तिची नाईट असते. डोळ्यांखाली जे काळवंडलंय ते त्या जागरणांचं, असं घरात सगळे म्हणतात. आईच्या डोळ्यांखालीही तसंच आहे आणि आईने आयुष्यात कधी रात्रपाळी केलेली नाही.

मागच्या आठवड्यात एका पार्लरमध्ये ट्रायल झाली. ट्रायलचे १५०० रुपये, लग्नाच्या दिवसाचे १८ हजार. तिथल्या आरशात सगळं छान दिसत होतं. बाहेर उन्हात आलो आणि डोळ्यांखाली राख फासल्यासारखे दोन अर्धचंद्र दिसायला लागले. घरी पोचेपर्यंत त्यात बारीक रेघा पडल्या. धाकटी रिक्षात मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघत होती, मग तिने फोन पर्समध्ये टाकला आणि खिडकीकडे तोंड केलं. रात्री म्हणाली, "ताई, तूच कर ना."

मी ब्लाउज शिवते. कॉलेजात तीन वर्षं एकांकिकांच्या मुलामुलींना रंगभूषा केली होती, तेवढाच अनुभव. बाकीच्या चेहऱ्याची मला काळजी नाही, अडचण आहे ती डोळ्यांखालच्या दोन बोटं जागेची. म्हणून या नोंदी फक्त तेवढ्याच जागेच्या, आणि तिथलं काळं झाकणाऱ्या कन्सीलरच्या, म्हणजे कातडीच्या रंगाच्या दाट क्रीमच्या. आपल्या बहिणीचं किंवा स्वतःचं करायला कुणी बसलं, तर माझे वाया गेलेले पैसे आणि दिवस तरी त्यांचे वाचतील.

आजच एक नियम ठरवला. प्रत्येक ट्रायलनंतर तीन फोटो: अंगणाच्या पायरीवर उजेडात, स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली, आणि अंधाऱ्या खोलीत फ्लॅश मारून. लावल्यावर लगेच, तासाभराने आणि चार तासांनी.

४ नोव्हेंबर

पहिली चूक पहिल्याच दिवशी. काळ्यावर आधी नारिंगी लावायचं हे मला माहीत होतं. नारिंगी करेक्टर, म्हणजे कन्सीलरच्या आधी काळं मारायला लावतात तो रंग, घरात नव्हता, पण नारिंगी लिपस्टिक होती. व्हिडिओंमध्ये बऱ्याच जणी तसं करताना दिसतात. लावली, वर घरातलं फाउंडेशन थापलं, दहा मिनिटं रंग खरंच बरा दिसला. मग लिपस्टिक आपली जागा सोडून गालाकडे सरकायला लागली, कारण ती मेणाची आणि तेलाची, वर पसरलेलं काही धरून ठेवत नाही. रात्री डोळ्यांखाली खाज सुटली, सकाळपर्यंत लाली होती.

ओठांसाठी वापरलेले सगळेच रंग डोळ्यांजवळ चालत नाहीत. तिथली कातडी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची असते. हा प्रयोग कुणी करू नये. आमचे चार दिवस त्यात गेले, लाली पूर्ण जाईपर्यंत मी तिथे काहीही लावलं नाही.

५ नोव्हेंबर

आज मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत पहिलं नाटक केलं, त्यामुळे आमच्या गावात या दिवशी नाटकवाली सगळी माणसं एका ठिकाणी सापडतात. कॉलेजात ज्यांच्या हाताखाली मी रंगभूषा शिकले ते काका भेटले. वय सत्तरीच्या पुढे, राज्य नाट्य स्पर्धेची तयारी सुरू असल्याने गडबडीत होते, तरी धाकटीला दारापाशी उजेडात उभं केलं.

आधी त्यांनी तिच्या डोळ्याखालची कातडी बोटाने हलकी बाजूला ताणली. तपकिरी रंग तसाच राहिला, कातडीबरोबर सरकला. म्हणजे तो कातडीतलाच रंग. मग आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, निळसर जांभळं दिसलं. तिथे कातडी पातळ असल्याने खालच्या रक्तवाहिन्या दिसतात. मग तिला मान वर करून आकाशाकडे बघायला लावलं. चेहऱ्यावर समोरून उजेड आल्यावर नाकापासून गालाकडे उतरणारी एक काळी रेघ नाहीशी झाली. ती रेघ रंगाची नव्हती, खळग्याच्या सावलीची होती.

"तीन दुखणी आहेत आणि तू तिन्हींवर एकच पट्टी बांधत्येस," काका म्हणाले. "रंगावर रंग लागतो. सावलीवर रंगाचा थर देऊन काही होत नाही. तिथे उजेड द्यावा लागतो, आणि तो एका रेघेपुरता."

पार्लरमध्ये काय झालं तेही त्यांनीच सांगितलं. निळसर-तपकिरीवर थेट फिकट, गुलाबी झाक असलेला कन्सीलर लावला की दोन्ही मिसळून राखाडी दिसतं. मला हे माझ्या धंद्यातून लगेच पटलं. फिकट पातळ कापडाला गडद अस्तर लावलं तर ब्लाउज मळकट दिसतो, वरचं कापड कितीही भारी असू दे. करेक्टर म्हणजे अस्तर.

१० नोव्हेंबर, रविवार

खरेदी. करेक्टरची छोटी डबी ३५० रुपये. धाकटीचा रंग गव्हाळच्या थोडा पुढे, सावळ्याकडे झुकणारा. पीच रंग गोऱ्या कातडीला पुरतो, तिच्या निळसर कोपऱ्यावर तो पांढुरका दिसला. नारिंगी घेतला. तिच्याहून गडद रंग असेल तर लालसर नारिंगीकडे जावं लागतं.

कन्सीलरची ट्यूब ५४९ रुपये. दुकानातल्या बाईंनी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून दाखवला, पांढऱ्या ट्यूबलाइटखाली, आणि "ब्राइडला एक-दोन शेड फिकटच घ्या" म्हणाल्या. मी घेतला.

डबी, ट्यूब दोन्ही आज कानामागे थोडं थोडं लावून ठेवलं. खाज किंवा लाली येते का ते दोन दिवस बघायचं. लिपस्टिकनंतर मी हे सोडणार नाही.

१२ नोव्हेंबर

कानामागे काही झालं नाही. डोळ्याखाली लावलं. अंगणातल्या फोटोत पार्लरवाले अर्धचंद्र परत आले, या वेळी राखाडी नाहीत, पण फिकट. रोजचा चष्मा काढून ठेवल्यावर डोळ्याभोवती जसा फिकट गोल राहतो तसा. ५४९ रुपये वाया.

कन्सीलरची शेड कशी बघायची ते आता लिहून ठेवते. मनगटावर नाही. गालाच्या वरच्या भागावर, डोळ्याखालच्या जागेला लागून, एक रेघ ओढायची. दुकानाबाहेर येऊन उजेडात बघायची. आणि लगेच ठरवायचं नाही, कारण हवा आणि चेहऱ्याचं तेल लागून पुष्कळ कन्सीलर थोडे गडद किंवा पिवळट होतात. मी दुसऱ्या दुकानात रेघ ओढून घेतली, भाजी घेऊन आले, अर्ध्या तासाने परत जाऊन घेतली. गालाच्या रंगाचीच शेड, पिवळट झाक असलेली, ५९९ रुपये. फिकट ट्यूब टाकून दिली नाही, तिचा उपयोग पुढे एका रेघेपुरता झाला.

१५ नोव्हेंबर

धाकटी नाईटला. आईच्या डोळ्यांवर हात बसवायला घेतला. आई अठ्ठावन्न वर्षांची, तिथे सुरकुत्या आहेत, म्हणून जे तिच्यावर टिकेल ते धाकटीवर टिकणारच असं वाटलं. ते खरं निघालं नाही. आईची कातडी कोरडी, तिच्यावर पावडर घातली की रेघा अधिक उठतात, जवळजवळ न घालताच चांगलं दिसतं. धाकटीची तेलकट, तिच्यावर पावडर नसेल तर तासात सरकतं. कुणाच्याच डोळ्यांवरचा सराव दुसऱ्याला पुरता लागू होत नाही. ज्याचं करायचं त्याच्यावरच करावा.

आई मात्र आरशात बराच वेळ बघत बसली. मी पुसायला कापूस घेतला तर म्हणाली, "राहू दे संध्याकाळपर्यंत."

१७ नोव्हेंबर, रविवार

पहिली पूर्ण ट्रायल. बऱ्याच गोष्टी बिघडल्या.

करेक्टर छान बसला होता. त्यावर फाउंडेशन ब्रशने ओढून लावलं आणि नारिंगी सगळं गालावर आलं. करेक्टरवर काहीही ओढायचं नाही, थापायचं. हे मला माहीत असूनही हात सवयीने फिरला.

मग कन्सीलर. डोळ्याखाली उलटा त्रिकोण काढून गालापर्यंत भरायचा, ती पद्धत वापरली. एका डोळ्याला हरभऱ्याएवढा लागला. लावल्यावर फोटोत गुळगुळीत. पंचवीस मिनिटांनी खालच्या पापणीच्या दोन घड्या स्पष्ट, आणि कन्सीलर त्या घड्यांत जाऊन बसलेला. चार तासांनी तर तिथे पिठासारखी भेग.

लागला वेळ : ४० मिनिटं, फक्त डोळ्यांखाली.

१८ ते २२ नोव्हेंबर

या पाच दिवसांत रोज एकच गोष्ट बदलून बघितली. धाकटी ड्यूटीवरून सकाळी साडेआठला यायची, चहा घेऊन माझ्यासमोर बसायची आणि बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची. तिला झोपू द्यायला हवं होतं, पण दिवस मोजके होते.

सोमवारी मात्रा कमी केली. हरभऱ्यावरून मुगाच्या डाळीवर. रेघा कमी झाल्या, गेल्या नाहीत.

मंगळवारी लक्षात आलं की ती घरी आल्यावर डोळ्यांखाली बदामाचं तेल लावते. आजीपासूनची सवय. तेल आणि वर सिलिकॉनचा प्रायमर (मेकअपच्या आधी लावतात तो गुळगुळीत थर) आणि वर कन्सीलर, असे तीन निसरडे थर मी एकावर एक रचत होते. तेल रात्रीपुरतं ठेवलं. सकाळी तोंड धुऊन पातळ जेलसारखं मॉइश्चरायझर, दोन्ही डोळ्यांना मिळून मोहरीच्या चार दाण्यांएवढं, आणि दहा मिनिटं थांबायचं. टिश्यू दाबून बघायचा, ओल दिसली तर टिपून घ्यायची. डोळ्यांखाली प्रायमर बंद केला. टिकण्यात सगळ्यात मोठा फरक या एका बदलाने पडला.

बुधवारी जागा बदलली. पापणीच्या केसांना लागून तीन-चार मिलिमीटरची पट्टी मोकळी सोडली. घड्या तिथेच पडतात, आणि काळं बहुतेक त्याच्या खाली असतं. तिथे स्पंजवर उरलेलं जेवढं आपोआप लागतं तेवढं पुरतं. त्रिकोण सोडून दिला. तो गालापर्यंत सगळं फिकट करण्यासाठी असतो, आम्हाला ते नकोच होतं.

गुरुवारी स्पंज. मी कोरडा वापरत होते, तो कन्सीलर उचलून घेत होता. ओला करून घट्ट पिळायचा, मग टॉवेलात गुंडाळून पुन्हा पिळायचा. नुसता पिळला आणि पाणी राहिलं तर करेक्टर फुटून त्यात नारिंगी ठिपके दिसतात, हे त्याच दिवशी पहिल्या डोळ्यावर झालं.

शुक्रवारी काहीच केलं नाही. तिला झोपू दिलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

दुसरी पूर्ण ट्रायल. आता जसा हात बसलाय तसं सविस्तर लिहिते, कारण यापुढे यात फारसं बदललं नाही.

करेक्टर आधी मी माझ्या हाताच्या पाठीवर घेते आणि बोटाने फिरवून ऊब देते. थंड असताना तो गठ्ठ्याने बसतो. अनामिकेने, कारण त्या बोटाचा जोर सगळ्यात कमी पडतो. आतल्या निळसर कोपऱ्यात दोन ठिपके, तपकिरी भागावर दोन. टिप टिप करत कडा विरेपर्यंत. नारिंगी डाग दिसत राहिला तर जास्त झालं समजायचं. काळं आणि नारिंगी एकमेकांत जिरून फिकट मातकट रंग दिसला की बरोबर. एक मिनिट थांबायचं. मग फाउंडेशन स्पंजने थापून.

त्यावर कन्सीलर, एका डोळ्याला तीन तिळांएवढा. एक तीळ आतल्या कोपऱ्यात, एक काळ्या भागाच्या खालच्या कडेवर, एक बाहेरच्या कोपऱ्याला जरा वर. पहिल्यांदा मी लगेच पसरवत होते. आता अर्धा मिनिट तसाच ठेवते. थोडा घट्ट झाला की कमी मालात जास्त झाकतो. मग स्पंजच्या टोकाने, कडेकडून आत. मधोमध सगळ्यात शेवटी.

सावलीच्या रेघेवर वाया गेलेली ती फिकट ट्यूब. बारीक ब्रश (१८० रुपये) घेऊन खळग्यात एक केसाएवढी रेघ, कडा बोटाने विरवायच्या. रेघेच्या वर डोळ्याखाली किंचित फुगीर भाग आहे, त्याला हा फिकट रंग लागू द्यायचा नाही. लागला की तो फुगवटा पुढे येतो. मी डाव्या डोळ्याला मुद्दाम लावून बघितलं, फोटोत धाकटी रडून आल्यासारखी दिसत होती.

नंतरची पायरी कुणी फारशी सांगत नाही आणि मला तीच सगळ्यात उपयोगाची वाटते. पावडर लावायच्या आधी तिला तीनदा हसायला लावते आणि वर बघायला लावते. घड्यांत जे जमा झालं ते दिसतं. कोरड्या, स्वच्छ बोटाने ते टिपून घेते आणि ती वर बघत असतानाच त्याच क्षणी पावडर दाबते. मध्ये वेळ गेला तर घडी परत भरते आणि पावडर ती घडी पक्की करते.

लागला वेळ : १९ मिनिटं. एका तासाच्या फोटोत रेघ नाही. चार तासांनी उजव्या डोळ्याला एक बारीक.

पण रात्री फ्लॅशचा फोटो काढला आणि डोळ्यांखाली दोन पांढरे ढग. ४०० रुपयांची पांढरी सुटी पावडर घेतली होती, तिच्यात बहुतेक सगळी सिलिकाच आहे. साध्या डोळ्यांना ती दिसतच नाही, फ्लॅशचा उजेड मात्र सरळ परत फेकते. घातली होती तीही भरपूर, दहा मिनिटं थर ठेवून झटकायची ती पद्धत. उजेडातला फोटो चांगला आला म्हणून मी फ्लॅशचा काढणारच नव्हते, नियम होता म्हणून काढला. वाया गेलेली दुसरी वस्तू.

२७ नोव्हेंबर

कातडीच्या रंगाची दाबलेली पावडर आणली, २९९ रुपये. छोट्या ब्रशवर घेऊन आधी हाताच्या पाठीवर झटकते, मग फक्त घडीच्या जागी दाबते. फ्लॅशमध्ये ढग नाहीत. लग्नाच्या फोटोग्राफरला फोन करून विचारलं, विधी चालू असताना एलईडी आणि ग्रुप फोटोला फ्लॅश, असं म्हणाले. दोन्हीत तपासलं.

आज चष्म्याचा प्रश्नही सुटला. धाकटी चष्मा लावते, नाकावरच्या पॅडखाली आतल्या कोपऱ्यातला कन्सीलर निघून जातो. लग्नात लेन्स लावणार आहे. लेन्स मेकअपच्या आधी घालायच्या आणि रात्री मेकअप पुसायच्या आधी काढायच्या. उलट केलं तर पावडर आणि तेल लेन्सवर जातं. ती स्वतः नर्स असल्याने हात धुण्याबद्दल मला काही सांगावं लागलं नाही.

२९ नोव्हेंबर

काजळ. मी हे विसरूनच गेले होते. काळं झाकायला तीन आठवडे घालवले आणि धाकटीने सवयीने खालच्या पापणीत भरगच्च काजळ घातलं. दोन तासांत ते खाली उतरलं आणि आमची सगळी मेहनत त्या काळ्याखाली गेली. आई म्हणाली, "नवरी बिनकाजळाची कशी दिसेल?" खरं आहे. मग वरच्या पापणीला काजळ आणि लायनर, खाली फक्त बाहेरच्या एक तृतीयांशात केसांच्या मुळाशी, आणि त्यावर तपकिरी आयशॅडो दाबून. पाच तास जागेवर राहिलं.

१ डिसेंबर, रविवार

रंगीत तालीम. नाटकात प्रयोगाआधी करतात तशी, दिवे, कपडे, सगळं धरून.

मुंडावळ्या बांधल्या, शालू नेसवला. अंगणात पाटावर बसवलं आणि समोर घमेल्यात शेणी पेटवून त्यावर तूप सोडलं. लाजाहोमाच्या वेळी नवरी धुरासमोर बसते, डोळ्यांतून पाणी येणारच. ते कन्सीलरचं काय करतं हे आधी बघायचं होतं.

पाच मिनिटांत डावा डोळा वाहायला लागला. धाकटीने पटकन बोटाने पुसलं आणि आतल्या कोपऱ्यातला सगळा थर निघाला, खालचं निळं उघडं पडलं. उजव्या डोळ्याला मी सांगितल्याप्रमाणे केलं: टिश्यूची घडी करून तिचं टोक खालच्या पापणीच्या कडेला धरायचं, पाणी त्यात शोषू द्यायचं, गालाकडे ओढायचं नाही. उजवा जवळजवळ जसाच्या तसा राहिला. पाण्याने तेवढं बिघडत नाही, पुसण्याने बिघडतं. दिवसभर नवरीसोबत राहणाऱ्या मावसबहिणीला बोलावून घडी कशी धरायची ते तिच्याकडून तीनदा करवून घेतलं.

डावा दुरुस्त करताना मी सरळ वर कन्सीलर थापला, तो पिठासारखा झाला. पावडरवर ओला माल बसत नाही. नंतर जमलं ते असं: पिळलेल्या स्पंजने आधी तिथलं हलकं टिपून मऊ करायचं, एक तीळ करेक्टर, एक तीळ कन्सीलर, अगदी किंचित पावडर. तीन मिनिटं लागतात. दुरुस्तीची पिशवी आजच भरून ठेवली: स्पंज झिपच्या पिशवीत, करेक्टर, ट्यूब, पावडर, ब्रश, टिश्यू, छोटा आरसा.

५ डिसेंबर

धाकटीची रजा सुरू होऊन चार दिवस झाले. रोज आठ-नऊ तास झोपते. डोळ्यांखालची सूज गेली, त्यामुळे सावलीची रेघही हलकी झाली. तपकिरी तेवढंच आहे. ते आईकडून आलंय, झोपेने जायचं नाही. करेक्टर आधीएवढाच लागतो, फिकट रेघ निम्मी पुरते.

७ डिसेंबर, शनिवार (हळद)

सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, डोळ्यांजवळ हळद नको. काकू, मावश्या, आत्या, सगळ्या "हो हो" म्हणाल्या. मग गाणी सुरू झाली, उत्साह चढला आणि आत्यांनी दोन्ही हातांनी पूर्ण चेहरा माखला. धाकटी इतकी हसत होती की मला थांबवावंसंही वाटलं नाही.

आंघोळीनंतर चेहरा पिवळाधमक. साबणाने दोनदा धुतला, तसाच. हाताशी असलेला कन्सीलर लावून बघितला तर गालांपुढे तो गुलाबी दिसत होता. पाच आठवडे जुळवलेली शेड एका संध्याकाळी चुकली. मला रडू यायचं बाकी होतं.

आईने खोबरेल तेलाची वाटी आणून ठेवली. हळदीचा पिवळा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. ओट्यावरचा हळदीचा डाग आई असाच काढते. तेल हलक्या हाताने लावलं, पाच मिनिटं ठेवलं, ओल्या मऊ कापडाने टिपलं. कापड पिवळं झालं. असं तीनदा. मग सौम्य फेसवॉश. डोळ्यांखालचं सगळ्यात आधी निघालं, कपाळाच्या कडेला थोडं राहिलं, तिथे चालतं. तासभर गेला. ज्यांच्याकडे आदल्या दिवशी हळद आहे त्यांनी हा तास आधीच धरून ठेवावा, आणि झोपण्यापूर्वी तेलाचा अंश पूर्ण धुवावा, नाहीतर सकाळी कन्सीलर सरकेल.

८ डिसेंबर, रविवार

पहाटे ५ला उठलो. खोलीत वरून एकच पिवळा दिवा, त्याच्याखाली प्रत्येकाच्या डोळ्यांखाली खड्डे दिसतात. काकांनी सांगितलं होतं, उजेड समोरून घे. खुर्ची खिडकीकडे वळवली, पण साडेसहाला बाहेर पुरेसं उजाडलं नव्हतं. डोळ्यांखालचं काम शेवटी ठेवलं, आधी केस आणि आयशॅडो करून घेतलं. हे क्रम बदलणं चांगलंच झालं, कारण आयशॅडोची भुकटी गालावर पडली होती, ती झटकून मग कन्सीलर लावता आला. सव्वासातला खिडकीतून स्वच्छ उजेड आला.

माझा हात थरथरत होता. करेक्टरचा पहिला ठिपका जरा मोठा पडला, तो कोरड्या बोटाने उचलून घेतला. धाकटीने डोळे मिटले होते. एवढ्या जवळून मी तिचा चेहरा ती तान्ही असताना बघितला होता. "हस," म्हटलं, "तीनदा." ती हसली, वर बघितलं, मी घडी टिपली आणि पावडर दाबली. १४ मिनिटं.

गौरीहर, मंगलाष्टकं, सगळं नीट. लाजाहोमात डोळे वाहिले, मावसबहीण टिश्यूची घडी घेऊन शेजारीच होती. एक वाजून पन्नास मिनिटांनी जेवणाआधी तपासलं. उजवा डोळा सकाळसारखा. डाव्याच्या आतल्या कोपऱ्यात थोडं निघालं होतं, तीन मिनिटांत दुरुस्त केलं. साडेचारला बिदाईच्या वेळी ती रडली, आई रडली, मी रडले. तेव्हा कुणी काही टिपलं नाही.

११ डिसेंबर

फोटोग्राफरने काही फोटो पाठवले. अंगणातल्या उजेडातला, एलईडीखालचा आणि फ्लॅशचा, तिन्ही मोठे करून बघितले. राखाडी नाही, ढग नाहीत. फ्लॅशच्या एका फोटोत डाव्या डोळ्याखाली एक रेघ दिसते, ती हसताना पडणारी तिची स्वतःची रेघ आहे.

खर्च: करेक्टर ३५०, पहिली ट्यूब ५४९, दुसरी ५९९, स्पंज २५०, वाया गेलेली पावडर ४००, चाललेली पावडर २९९, ब्रश १८०, मेकअप पुसायचं मायसेलर वॉटर १९९. एकूण २८२६ रुपये. त्यातली पावडर पूर्ण वाया, म्हणजे ४००. पहिली ट्यूब मी वाया धरली होती, पण सावलीच्या रेघेला तीच कामाला आली. दुसऱ्यांदा करायचं झालं तर अशी फिकट शेड छोट्यात छोट्या आकारात घेईन. पार्लरच्या ट्रायलचे १५०० वेगळे.

धाकटीचा काल रात्री फोन आला. सोमवारपासून ड्यूटी सुरू, आणि पहिल्याच आठवड्यात नाईट. वॉर्डात जाताना फक्त करेक्टर आणि एक तीळ कन्सीलर एवढंच चालेल का, विचारत होती. चालेल म्हटलं, पावडर नको, पण मास्कच्या वरच्या कडेला लागणार नाही एवढं वर ठेव. डबी आणि ट्यूब तिच्या सामानात आधीच ठेवली आहे, दोन्हींच्या टोपणावर मार्करने उघडल्याची तारीख लिहून.

आईने तिच्यासाठी एक वेगळी डबी मागवली आहे.